चियाच्या नावावर जमा

माझा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट 'बॉर्डरलाइन' आला, त्या दिवसापासून आमच्या घरात अँटिऑक्सिडंट्स मुक्कामाला आली. बॉर्डरलाइन हा शब्द मला प्रगतिपुस्तकातल्या 'वरच्या वर्गात घातले' या शेऱ्याचा सख्खा भाऊ वाटतो. पास म्हणवत नाही, नापास म्हणवत नाही, पालकांनी काय ते समजून घ्यावं. तीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवताना तो शेरा मी कितीतरी मुलांच्या माथी मारला. निवृत्त झाल्यावर तो माझ्या माथी आला.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "संध्याकाळी चहाबरोबर काय असतं?"

"काही नाही हो. चमचाभर फरसाण."

"चमचा केवढा?"

मी गप्प बसले. आमच्याकडे फरसाणाच्या डब्यात भाताचा डाव असतो.

डॉक्टरांनी तीन वाक्यांत काम उरकलं. फरसाण बंद करा, रोज पाऊण तास चाला, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. ना गोळी, ना पथ्याचा छापील कागद. पैसे मोजून नुसतं 'बंद करा' घरी घेऊन यायचं म्हणजे माणूस खट्टू होतोच. त्याच रात्री बंगळुरूहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. सईनं रिपोर्ट मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "आई, स्मूदी सुरू कर. सुपरफूड्स घालून. भरपूर अँटिऑक्सिडंट्स मिळतील."

डॉक्टर म्हणाले बंद करा, मुलगी म्हणाली सुरू कर. आता आपल्याकडचा कुठला माणूस 'बंद करा' निवडेल? आपण उपाससुद्धा साबुदाण्याची खिचडी सुरू करून करतो.

सईनं एक तक्ताही पाठवला. प्रत्येक पदार्थापुढे 'ओरॅक' नावाचा आकडा होता. परीक्षानळीत त्या पदार्थाच्या अर्कानं ऑक्सिडेशन किती थोपवलं, त्याचे ते गुण. गुणपत्रिका दिसली की माझा शिक्षकी जीव सुखावतो. लवंग पहिली आली होती, लाखांत गुण घेऊन. गुण शंभर ग्रॅमला दिले होते हे मात्र नीट पाहायला हवं. आमच्या घरात शंभर ग्रॅम लवंग संपायला दोन दिवाळ्या जातात. दालचिनी, कोको, सुकवलेल्या बेऱ्या ही सगळी वरच्या बाकावर. केळं अगदी मागे, भिंतीला टेकून. हे मला लागलं. माझं माहेर रावेर तालुक्यातलं. वडील केळीवाले, आता भाऊ केळीवाला. आमच्याकडे बसराई होती, मग श्रीमंती आली, आता सगळं शिवार ग्रँड नैन. पोरगी आजोळच्या केळ्यावर वाढली आणि तिच्याच तक्त्यात केळं नापास!

हा तक्ता ज्या अमेरिकी कृषी खात्याच्या आकड्यांवर बेतला होता, त्या खात्यानं ते आकडे २०१२ सालीच आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले. परीक्षानळीतले गुण माणसाच्या शरीरात चालतातच याला पुरावा नाही आणि कंपन्या हे आकडे जाहिरातीत वाटेल तसे वापरताहेत, असं कारण दिलं. मला हे नंतर कळलं. तोवर मी रद्द झालेली नोट घेऊन दुकानात पोचले होते.

दुकान ऑरगॅनिक होतं, म्हणजे आत शिरताच धूप जळत होता आणि कुठल्याच वस्तूला वास येत नव्हता. चिया घेतला, २०० ग्रॅमची दोन पाकिटं, कारण एकावर दुसरं निम्म्या किमतीत होतं. शेवग्याच्या पानांची पूड 'मोरिंगा' नावानं घेतली. किन्वा घेतला. किन्वा म्हणजे आपल्या चाकवताचा चुलतभाऊ. एकाच प्रजातीकुळातले, दोघांच्या शास्त्रीय नावाची सुरुवात 'चेनोपोडियम' अशीच. एक भाऊ दक्षिण अमेरिकेत राहिला. त्याच्या नावानं संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे आख्खं वर्ष साजरं केलं. दुसरा इथे मंडईत ओल्या गोणपाटाखाली जुडी बांधून पडलेला असतो, आणि आपण त्याचाही भाव करतो. केलची पानं घेतली. केल म्हणजे गड्डा न धरलेला कोबी. फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली धरून हे सगळं एकच झाड, माणसानं वेगवेगळं वळण लावलेलं. शेवटी ब्लूबेरीची १२५ ग्रॅमची डबी घेतली. घरी आल्यावर मी त्या मोजल्या. ७१ निघाल्या. एक ब्लूबेरी चार रुपयांच्या वर पडली. शिकवत असते तर मुलांना गणित घातलं असतं.

पहिल्या दिवशीची स्मूदी सांगण्यासारखी आहे. पालक, केल, दोन केळी, वीस ब्लूबेऱ्या, भिजवलेला चिया, चार खजूर, मध, मोरिंगा, दाण्याचं लोणी आणि दूध, सगळं मोठ्या भांड्यात घातलं. आमचा मिक्सर वाटणाघाटणाचा, इडलीचं पीठ काढणारा. आत असलं मऊमऊ काही येताच तो पाटावर बसवलेल्या जावयासारखा बिचकला. मग एकदम सुटला आणि झाकण उडालं. छतावरचा तो हिरवा ठिपका अजून आहे.

पालकाचा हिरवा रंग छान असतो. ब्लूबेरीचा जांभळा त्याहून छान. दोन्ही एकत्र फिरवले की रंगपंचमीच्या संध्याकाळी बादलीच्या तळाशी उरतो तो रंग तयार होतो. आमच्या ह्यांनी पेला उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "हे आतून घ्यायचं की बाहेरून लावायचं?"

मी म्हटलं, "अँटिऑक्सिडंट आहे. प्या."

ते प्यायले. पूर्वी काढा प्यायचे तसं डोळे मिटून, एका दमात. मिशीवरची दोन चियाची बोंडं पुसली, पेला ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "छान. पोहे कधी होताहेत?"

इथे सगळं गणित चुकलं. प्यालेलं आपल्याकडे खाल्ल्यात धरतच नाहीत. पाहुण्यानं चहा, सरबत, ताक, सगळं घेतलं तरी बाहेर पडताना आपण म्हणतो, 'काहीच घेतलं नाही तुम्ही.' त्यामुळे स्मूदी झाली आणि वर पोहेही झाले. मग एका दुपारी मी हिशेबाला बसले. दोन केळी, खजूर, मध, दाण्याचं लोणी, म्हशीचं दूध मिळून एका पेल्यात सहाशेच्या वर कॅलरी जात होत्या. म्हणजे दोन बशा पोहे पातळ करून प्यायचे आणि वर तिसरी बशी खायची. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते की फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या वर नको, आणि आत कितीही फळं घाला, दिवसाच्या हिशेबात ते एकच धरायचं. १५० मिलिलिटर म्हणजे आपला चहाचा एक कप. आमचा स्टीलचा पेला ४०० चा. ही मर्यादा का? फळं वाटली की त्यांच्या पेशी फुटतात, आत बांधलेली साखर मोकळी होते आणि चावायचे कष्ट वाचतात. चावायचे कष्ट वाचले की पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत वेळेवर जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही रसापेक्षा आख्खं फळ बरं असंच सांगतात. महिनाअखेरीला माझं वजन दीड किलोनं वाढलं होतं. सई म्हणाली, "आई, तो मसल असेल."

भांडी घासायला येणाऱ्या लताबाईंनी पहिल्याच आठवड्यात असहकार पुकारला. चिया भिजला की गुळगुळीत होतो. वाळला की तोच पात्यांना असा चिकटतो, की गवंड्यानं सिमेंटमध्ये मिसळावा. लताबाईंनी भांडं माझ्यापुढे आपटलं. "बाई, दुधाचं घासते, मटणाचं घासते, अळवाचंही घासते. हे ज्यानं खाल्लं त्यानं घासायचं." मी त्यांना सांगितलं की हे सब्ज्यासारखंच असतं. "मग सब्जाच का नाही आणत? तो निदान निघतो." या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. सब्जा फालुद्यात असतो आणि फालुदा ऑरगॅनिक दुकानात नसतो, एवढंच सुचलं.

आता ज्या अँटिऑक्सिडंटसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ते काय असतं ते सांगते. वर्गात मी लोखंडाचा खिळा गंजवून दाखवायचे, पण मुलांच्या लक्षात राहायचं ते हे उदाहरण. देवळाबाहेर चपला काढलेल्या असतात. आरती संपते. एकाची चप्पल सापडत नाही. तो इकडेतिकडे बघतो आणि शेजारची जोडी पायात सरकवून चालू लागतो. त्या जोडीचा मालक येतो, तो तिसऱ्याची घालतो. तिसरा चौथ्याची. देवळात शांतपणे गेलेली माणसं पाच मिनिटांत एकमेकांच्या पायांकडे संशयानं बघत उभी असतात. इलेक्ट्रॉनची जोडी मोडल्यामुळे शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढणारा जो रेणू, तो फ्री रॅडिकल. आणि ज्याची चप्पल गेली तरी जो 'जाऊ दे, जुनीच होती' म्हणून अनवाणी घरी जातो, तो अँटिऑक्सिडंट. साखळी त्याच्यापाशी थांबते.

१९५६ साली डेनहॅम हरमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं मांडलं की म्हातारपण म्हणजे शरीरात आयुष्यभर चाललेल्या या चपलाचोऱ्यांची बेरीज. कल्पना इतकी देखणी होती की पुढचं सगळं ओघानंच आलं. अनवाणी जाणारी माणसं वाढवा, म्हणजे चोऱ्या थांबतील. दोन नोबेलं मिळवलेल्या लायनस पॉलिंगनं क जीवनसत्त्वाचा झेंडा खांद्यावर घेतला. मग गोळ्या आल्या. मग पुडी, सरबत, फेस क्रीम.

शरीर मात्र देवळासारखं सरळ नसतं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हीच फ्री रॅडिकल्स वापरतात. काही चपला मुद्दाम फेकून मारायच्या असतात. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजराला रंग देणारं बीटा कॅरोटिन त्यांच्यातल्या काहींना गोळीतून दिलं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजरावर कुणी ठपका ठेवला नाही. गाजर तसंच निर्धास्त आहे, कोशिंबिरीत.

हे वाचत मी संध्याकाळी चहा घेत बसले होते. हाताशी फरसाणाचं पाकीट होतं, कारण स्मूदी सुरू केली होती पण फरसाण कुठे बंद केलं होतं? शिक्षकाला छापलेलं काहीही दिसलं की तो वाचतो. पाकिटाच्या मागे, पोटावर घडी पडते तिथे, बारीक अक्षरांत घटकांच्या यादीत शेवटी लिहिलं होतं: अँटिऑक्सिडंट (आयएनएस ३१९). मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं. तेलातली ऑक्सिडेशनची साखळी थांबवून ते तेल खवट होऊ देत नाही, म्हणून घालतात. आणि ते आपलं काम चोख करतं. पाकीट महिनोन्महिने ताजं राहतं. म्हणजे अँटिऑक्सिडंट आमच्या घरात पहिल्यापासून होतं. फक्त ते माझं आयुष्य वाढवत नव्हतं, फरसाणाचं वाढवत होतं.

मी हे ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग ह्याचीच स्मूदी कर."

आमच्या इमारतीत देशपांडे काका आहेत. त्यांना माझ्या स्मूदीची बातमी लताबाईंकडून लागली. तेव्हापासून रोज सकाळी साडेपाचला माझ्या फोनवर एक संदेश येतो की हे सारं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. शेवगा आपला, हळद आपली, आवळा आपला. आहेतच. ब्लूबेरीला जांभळी करणारी अँथोसायनिन्स जांभळातही आहेत. आवळ्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व आहे. नाचणीत भरपूर कॅल्शियम आहे. पण पूर्वजांना काय ठाऊक होतं याबद्दल माझं मत काकांहून वेगळं आहे. माझ्या आजीला अँटिऑक्सिडंट ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की परसात शेवगा आहे, शेंगा संपल्यात आणि घरात अकरा माणसं जेवायची आहेत. तिच्या हाती त्या काळी बदामाचा शिरा लागला असता, तर तिनं शेवग्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. तिनं मला स्वतः तसं सांगितलं होतं.

काकांचा हुकमी एक्का म्हणजे हळदीचं पेटंट. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. शास्त्रज्ञ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्याविरुद्ध लढा दिला, १९९७ साली ते रद्द झालं. हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण त्या लढाईत सिद्ध झालं ते एवढंच, की जखमेवर हळद दाबणं ही कुणाची नवी कल्पना नाही. हळदीनं काय काय बरं होतं याचा निकाल त्या खटल्यात लागला नव्हता. काकांच्या संदेशात मात्र तोही लागलेला असतो, संधिवातापासून विस्मरणापर्यंत.

दुसऱ्या महिन्यात जे घडलं त्याला कुठलाही शास्त्रीय आधार नाही. आमच्या घरात खरोखर हवाबंद असा डबा एकच आहे. सईच्या बारशाला माझ्या आईनं दिलेला, पितळी कडीचा. तो फरसाणाचा. पावसाळा सुरू झाला, चियाच्या फोडलेल्या पाकिटाला ओल लागायला लागली. महागाचा माल, म्हणून मी फरसाण संपवून त्या डब्यात चिया भरला. झालं. फरसाण आणलं तर ठेवायचं कुठे? साध्या डब्यात दोन दिवसांत सादळतं. सादळलेलं फरसाण ह्यांना चालत नाही, म्हणून ते आणणंच थांबलं. त्याच सुमारास वाढलेल्या दीड किलोचा धसका घेऊन मी जाहीर केलं की सकाळी एकतर स्मूदी, नाहीतर पोहे, दोन्ही नाहीत. केळी दोनाची एक झाली, मध आणि खजूर गेले. चिया आणखी चार-सहा दिवस स्मूदीत पडला आणि मग त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. डबा मात्र त्याचाच राहिला. शिवाय संध्याकाळी चहाबरोबर काही नसल्यामुळे चहा लवकर संपायचा आणि करायला काही नाही म्हणून आम्ही दोघं टेकडीकडे चालायला जायचो.

तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला. सगळे आकडे आपापल्या रेघेच्या आत. वजन तीन किलो कमी. सईनं फोनवर किंचाळून सांगितलं, "बघ, चिया!" देशपांडे काकांनी शेवग्याचा विजय म्हणून तो रिपोर्ट गटावर टाकला. मी सांगितलं नव्हतं, ह्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "फरसाण बंद केलंत ना?" मी म्हटलं, "डबा नव्हता हो." त्यांना ते कळलं नाही.

तेव्हा मला केळ्याची एक गोष्ट आठवली. सुपरफूड या कल्पनेचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक सुरुवात केळ्यापासून करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत युनायटेड फ्रूट या केळीवाल्या कंपनीनं केळ्याची जोरदार जाहिरात चालवली होती. स्वस्त, पौष्टिक, सोलायला सोपं आणि निसर्गानंच पाकिटात घालून दिलेलं. मग १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञानं एक निबंध लिहिला. सीलिअॅक नावाच्या आजारानं खंगलेल्या मुलांना त्यानं केळ्यांवर ठेवलं होतं. पाव, बिस्किटं, बटाटे, धान्यं बंद. मुलं सुधारली, अंग धरू लागली. सगळीकडे केळ्याचा जयजयकार झाला. पुढची वीसेक वर्षं आया अशा मुलांना केळी चारत होत्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेना. तिथल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला आधीपासून असलेला संशय त्या काळात पक्का झाला. पाव नाही तेव्हा ही मुलं बरी असतात, पाव परत आला की आजारी पडतात. दोष गव्हातल्या ग्लुटेनचा होता. मुलं केळ्यानं बरी झाली नव्हती, ताटातून पाव गेला म्हणून झाली होती.

वीस वर्षं पुण्य केळ्याच्या खात्यात जमा होत राहिलं, कारण केळं ताटात दिसत होतं. गेलेला पाव कुणाला दिसणार? माझ्या घरचा चियाही तसाच. डब्यात बसून त्यानं फक्त जागा अडवली, आणि सगळं श्रेय घेतलं.

मी हे सईला सांगितलं. ती हसली, पण तिनं डाव सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला २०२३ सालचं एक संशोधन पाठवलं. कॅलिफोर्नियातलं डेव्हिस आणि इंग्लंडमधलं रेडिंग, इथल्या विद्यापीठांच्या लोकांनी केलेलं. बेऱ्यांसारख्या फळांत फ्लॅव्हॅनॉल्स नावाची द्रव्यं असतात, याच अँटिऑक्सिडंट गोतावळ्यातली. केळं घातलेली स्मूदी पिणाऱ्यांच्या रक्तात ती ८४ टक्क्यांनी कमी पोचली. माणसं मोजून ८ होती, हेही सांगायला हवं. दोषी निघालं ते केळ्यातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर. खाली सईनं लिहिलं होतं: 'आई, स्मूदीचं चुकलं नव्हतं. केळ्यानं घात केला.'

वाचून मी हसले, कारण या विकराशी माझी ओळख सईपेक्षा जुनी आहे. वांगं चिरलं की आपण ते लगेच पाण्यात टाकतो ते त्याच्यामुळे. सफरचंदाची फोड काळी पडते ती त्याच्यामुळे. आणि माझ्या वडलांच्या एकाही सदऱ्याचा पांढरा रंग पांढरा राहिला नाही, तोही त्याच्यामुळे. केळीचा घड कापला की चीक उडतो. उडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दुपारपर्यंत तपकिरी होतो आणि मग तो डाग धोब्याच्या बापाला निघत नाही. आई त्या सदऱ्यांना 'शेताचे' म्हणायची आणि लग्नाकार्याचा सदरा कुलपात ठेवायची. वडील एकदा तोच घालून बांधावर 'नुसता बघायला' गेले आणि डाग घेऊन परतले. ज्या रसायनानं तो सदरा खाल्ला, त्यानंच माझ्या चार-चार रुपयांच्या ब्लूबेऱ्या खाल्ल्या. पेल्यातला तो रंगपंचमीचा रंगही थोडा त्याचाच असणार.

मी रात्री दादाला फोन लावला. सगळं सविस्तर सांगितलं. विकर, विद्यापीठ, ८४ टक्के. तो दिवसभर ट्रक भरून दमलेला होता. भाव पडला होता. केळ्याचा भाव तो मला क्विंटलमध्ये सांगतो, आणि पडलेला असला की त्याचा आवाजही क्विंटलभर जड होतो.

"थांब सुमे," तो म्हणाला, "तू काय सांगू राहिली ते पुन्हा सांग. आपल्या केळ्यामुळे त्या बेरीचं बिघडते?"

"हो."

"आणि बेरीमुळे आपल्या केळ्याचं काही बिघडते का?"

मी संशोधन पुन्हा उघडून पाहिलं. तसं त्यात काही नव्हतं.

"मग मिटलं," दादा म्हणाला. "घड पाठवतो."

परवा सकाळी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून घड आला. दहा फण्यांचा, बारा डझनांच्या वर केळी. काल सकाळपर्यंत गॅलरीत हिरवा होता. काल दुपारी उकाड्यानं सगळा एकदम पिवळा झाला, कारण केळी वाट बघत नाहीत. आम्ही दोघं दिवसाला चार-पाच खातो, सोलून, चावून. लताबाईंनी दोन डझन नेली. देशपांडे काकांनी एक डझन नेली आणि पूर्वजांचा संदेश पाठवला. तरी अजून आठ डझन शिल्लक आहेत आणि उद्या संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर ठिपके येतील.

आमच्या बाजूला कुठे राहत असाल तर पिशवी घेऊन या. डब्यात चियाही आहे, पाऊणशे ग्रॅम, आणि एक न फोडलेलं पाकीट. तो नेणार असाल तर केळी एक डझन जास्त देईन. डबा मात्र परत हवा.